सही करण्याआधी : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी एका हॉस्पिटलच्या नैतिकता समितीत कशी गेले ते लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाशिकरोडच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर या समितीत मला बोलावलं ते 'सामान्य व्यक्ती' म्हणून. माणसांवर औषधाची चाचणी करायची तर आधी अशा समितीची परवानगी लागते. २०१९च्या नियमांप्रमाणे समितीत किमान सात जण हवेत, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक कायदा जाणणारा, एक सामान्य माणूस आणि एक तरी बाई हवीच. औषधाचं डॉक्टर मंडळी बघतात. मी तो कागद घेऊन मनाने त्या माणसाच्या घरी जाते. तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत या संशोधनाने त्याचं कुठे अडेल, कुठे दुखेल, कोणापुढे मान खाली जाईल, ते शोधते आणि बैठकीत मांडते.

पत्रं खूप आली. पाच घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

बाई, माझे वडील ६३ वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त. बारा वर्षं डायबेटिस आहे. त्यांच्या डॉक्टरांनी नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये येता का असं विचारलंय आणि अठरा पानांचा फॉर्म दिलाय. त्यात वारसाचं नाव विचारल्यामुळे आई घाबरलीय. वडील म्हणतात, 'डॉक्टर वाईट थोडंच सांगतील?' आम्ही काय बघावं?
– एक वाचक, जेलरोड

आधी आईंचं. वारसाचा रकाना नियमानेच ठेवावा लागतो. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाच्या हातात द्यायची, ते आधीच लिहिलेलं असावं म्हणून. तो रकाना नसता तर मी म्हटलं असतं, थांबा.

आता वडिलांचं. त्यांचा डॉक्टरांवरचा विश्वास मोडा असं मी सांगणार नाही. पण बारा वर्षं ते ज्या नात्याने दवाखान्यात जातात, त्याहून हे नातं निराळं आहे, एवढं त्यांना समजलं पाहिजे. एरवी डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि गोळी बदलतात. ट्रायलमध्ये गोळी आधी लिहिलेल्या आराखड्याने ठरते. कोणाला नवी, कोणाला जुनी, कोणाला औषध नसलेली नुसती गोळी, हे बऱ्याचदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, आणि कोणाला काय मिळालं ते पुष्कळदा डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. त्यात वडिलांना फायदा होईलच असं कोणीही सांगू शकत नाही, आणि औषध लागू न पडण्याची शक्यता फॉर्ममध्ये लिहावीच लागते.

म्हणून पहिलं विचारा: सध्याच्या गोळ्या बंद करणार का, आणि किती दिवस? त्या दिवसांत साखर किती वर गेली की ट्रायल सोडून नेहमीचे उपचार सुरू करणार? तो आकडा आराखड्यात असतो. तो मागून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

मग रात्रीचं विचारा. मागे एका फॉर्मच्या मराठी भाषांतरात असं वाक्य होतं: 'सदर औषधामुळे अल्पशर्करारक्तता उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मी आयुष्यभर मराठी शिकवलंय, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं. आम्ही ते परत पाठवलं. पुढच्या वेळी आलं ते असं: 'या औषधाने साखर एकदम कमी होऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस भलतंच बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि या नंबरवर फोन करा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.' धोका तोच होता. पण दुसरं वाक्य वाचलेली बायको रात्री दोन वाजता उठून बरोबर काम करेल. तुमच्या फॉर्ममध्ये धोक्यांचं पान कसं आहे ते आईंना मोठ्याने वाचायला सांगा. जिथे त्या अडखळतील तिथे खूण करा आणि ती जागा डॉक्टरांकडून समजावून घ्या. त्याला अर्धा तास लागला तरी लागू द्या. तो तुमचा हक्क आहे.

फोनवरून आठवलं. फॉर्मवर जो नंबर असेल तो सही करण्याआधी एकदा रात्री लावून बघा. कोणी उचलतं का, आणि उचलणाऱ्याला या ट्रायलबद्दल माहिती आहे का? दिवसा सगळेच उचलतात.

तपासण्यांचंही घरच्या बाजूने बघा. आमच्याकडे आलेल्या एका आराखड्यात सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. कागदावर त्याची जोखीम लिहिली होती 'सुई टोचल्याचं दुखणं'. सहभागी होणाऱ्यांत सुरगाण्याकडची माणसं होती. मी विचारलं, तिकडून एसटीला अडीच तास लागतात, तर साडेसातला पोचायला माणूस निघणार कधी? रात्री जेवून झोपलेला डायबेटिसचा पेशंट पहाटे चारला उठून, घाटातून, उपाशी येणार आणि रांगेत बसणार. चक्कर आली तर ती औषधाची की भुकेची, हे तुम्हाला तरी कळेल का? बैठकीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग लांबच्या लोकांची आदल्या रात्री राहण्याची सोय झाली, रक्त घेतल्याबरोबर नाश्ता ठरला, भाडं आणि बुडालेली मजुरी धरली गेली, आणि नेहमीच्या तपासणीचं रक्त नि संशोधनाचं रक्त एकाच सुईत घ्यायचं ठरलं. एक तपासणी तर कुणालाच लागणार नव्हती, ती गळली. जोखीम कमी करायची म्हणजे बहुतेक वेळा अशी साधीच कामं असतात.

वडिलांच्या किडनीचा रिपोर्ट, ते घेत असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, नाक्यावरच्या वैद्यांची पुडी असेल तर तीसुद्धा, सगळं उघड सांगा. काही माणसांना ट्रायलमध्ये घेत नाहीत ते त्यांच्याच भल्यासाठी. नाव कटेल म्हणून लपवलं तर धोका आपणच ओढवून घेतो.

आणि हे लक्षात ठेवा: ट्रायल चालू असताना गंभीर काही झालं, ॲडमिट करावं लागलं, तर मुख्य डॉक्टरांनी ते २४ तासांच्या आत समितीला, कंपनीला आणि सरकारच्या औषध नियंत्रकांना कळवायचं असतं. उपचार मोफत मिळतात. ट्रायलमुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते. मेहेरबानी म्हणून नव्हे, नियमाने.

बाई, मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या मुलीच्या वयाची. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या बायकांवर माझा प्रबंध आहे. फवारणीच्या दिवसांत होणारे त्रास, पाळीच्या तक्रारी, मुकादमाची वागणूक, घरची मारहाण, असे प्रश्न आहेत. अर्जात 'सहभागींना जोखीम' असा रकाना आहे. सर म्हणाले, नुसतं बोलायचं तर आहे, 'काही नाही' लिहून टाक.
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

'काही नाही' लिहू नकोस, पोरी. तुझ्या विषयात जोखीम सुईने येत नाही, कानाने येते. कोण ऐकतंय?

तुझी मुलाखत मनात लावून बघ. विरळणी चालू आहे. पेठ-सुरगाण्याची बारा बायकांची टोळी बागेत आहे. तू वही घेऊन जातेस. बागाईतदार म्हणतो, 'विचारा की, आपल्यात लपवण्यासारखं काय?' आणि तिथेच बुलेटला टेकून उभा राहतो. मुकादम दोन ओळी सोडून कात्री चालवतोय. तू एकीला बाजूला घेतेस आणि अर्धा तास बोलतेस. संध्याकाळी टेम्पोत बाकीच्या अकरा जणी तिला विचारणार, काय विचारत होती? आणि मुकादम काही न विचारता पुढच्या आठवड्यात तिला सोडून टोळी आणणार. तिने तुला काहीच सांगितलं नसेल, तरीही. माझ्या मते तुझ्या प्रबंधातली सर्वांत मोठी जोखीम ही आहे, आणि ती तुझ्या प्रश्नावलीत कुठेच लिहिलेली नाही.

तेव्हा बागेत मुलाखत घेऊच नकोस. मुक्कामाच्या झोपड्यांवर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जा, किंवा त्या गावी परत गेल्यावर तिथे जा. टोळीतल्या सगळ्यांशीच थोडं थोडं आरोग्यावर बोल, म्हणजे कोणी एकटी उठून दिसणार नाही. घरच्या मारहाणीचे प्रश्न विचारायचे तर एका घरातल्या एकाच बाईला विचार. सासू आणि सून दोघींना विचारलंस की दोघींनाही कळतं दुसरीला काय विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच या प्रकारच्या संशोधनासाठी सुरक्षिततेच्या सूचना काढल्या आहेत. त्यात हे आहे, आणि बाहेर सांगताना अभ्यासाला 'बायकांचं आरोग्य' असंच नाव द्यावं हेही आहे. मध्येच नवरा आला तर वही उलटून हिमोग्लोबिनवर बोलायला लागायचं. त्याची तयारी आधी कर, मैत्रिणीला नवरा करून दोनदा तालीम कर. प्रत्यक्ष बाईला मात्र बोलणं सुरू व्हायच्या आधी एकांतात सगळं खरं सांगायचं आणि तिचा होकार घ्यायचा.

दुसरी जागा तुझ्या लिहिण्यात आहे. नाव बदललं की झालं, असं तुम्हा मुलांना वाटतं. एका प्रबंधात मी वाचलं होतं: 'सुमन (नाव बदलले आहे), वय ३४, विधवा, तीन मुली, टोळीचा स्वयंपाक करते, डाव्या हाताला भाजल्याची खूण.' आता सांग, त्या टोळीत अशी दुसरी कोण असेल? गावाचं नाव, बागेचं क्षेत्र आणि महिना लिहिला की मुकादमाला नावाची गरजच उरत नाही. वय 'तिशीतली' कर, मुलींची संख्या गाळ, खूण तर मुळीच नको. तुझ्या निष्कर्षाला त्यातलं काय लागतं? जे लागत नाही ते वहीतही उतरवू नकोस. जे कुठे लिहिलेलंच नाही ते कोणाच्या हाती लागत नाही.

सहीचंही असंच. संमतीपत्रावर तिची सही घेतलीस तर तिचं नाव ज्यावर आहे असा तोच एकमेव कागद. अशा वेळी तोंडी संमती चालावी म्हणून समितीकडे कारण देऊन परवानगी मागता येते. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असशील तर तो मोबाइल घरातलं दुसरं कोणी वापरतं का, फोटो-आवाज आपोआप कुठे जाऊन साठतात का, ते आधी बघ. आणि ग्रुपवर 'आज फील्डवर' म्हणून फोटो टाकायचा नाही. एकही नाही.

तिसरं, ती रडली तर? रडेल. वर्षानुवर्षं कोणी न विचारलेलं तू विचारणार आहेस. त्या वेळी पुढचा प्रश्न वाचायचा नाही, वही मिटायची. जवळ महिला हेल्पलाइनचा १८१ आणि मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ हे नंबर ठेव. पण त्यांचा कागद तिच्या हातात देऊ नकोस, घरी सापडला तर मार खाईल. तिच्याकडून पाठ करून घे. त्या तालुक्यात खरोखर मदत करणारी एक बाई, आशाताई असो की संस्थेची कार्यकर्ती, आधी भेटून ठेव. आणि एखादीला फवारणीनंतर उलट्या होतात, दिसायला अंधुक होतं, तोंडाला लाळ सुटते असं कळलं, तर ती माहिती प्रबंधासाठी जपून ठेवायची नसते. तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठव.

अर्जातल्या रकान्यात हे सगळं लिही: कोणाला, काय होऊ शकतं, कितपत शक्य आहे, झालं तर किती वाईट, आणि तू काय करणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत जोखमीच्या चार पायऱ्या आहेत, अगदी नगण्य ते मोठी. सरांना त्या दाखव. तुझा अभ्यास कितव्या पायरीवर बसतो ते त्यांच्याशी नीट बोल. रागावतील कदाचित. रागावू देत.

आमच्या आश्रमशाळेत एक पथक मुलींचं रक्त घेऊन सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर अभ्यास करणार आहे. मुख्याध्यापकांनी 'पालकांच्या वतीने सह्या करून टाका' म्हणून गठ्ठा दिलाय. करू का?
– एक शिक्षिका, पेठ तालुका

नका करू. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेचं फाटक उघडणं. मुलीच्या दंडाला हात लावायची परवानगी आईबापांनीच द्यायची असते. सात वर्षांवरच्या मुलीचा स्वतःचा होकारही लागतो, बारापर्यंत तोंडी, बारानंतर लेखी. ती नको म्हणाली तर नको.

२००९ मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लशीचा प्रकल्प झाला. दहा ते चौदा वर्षांच्या मुली होत्या. कित्येक फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली, ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. मुलींना ही लस द्यायला हवी असं माझंही मत आहे. पण सह्यांतला तो दोष चौकशीत नोंदवला गेला, प्रकल्प २०१० मध्ये थांबला, आणि लोकांच्या मनात भीती बसली. एका चांगल्या गोष्टीचं केवढं नुकसान झालं बघा.

पथकाला आधी विचारा, ही सरकारी तपासणी की संशोधन? सिकलसेलची सरकारी मोहीम २०२३ पासून चालू आहे, ती वेगळी. संशोधन असेल तर समितीचं मंजुरीपत्र मागा. मग त्यांना सांगा की सुट्टीनंतर पालक मुलींना सोडायला येतात, तेव्हा कोकणा बोलीत समजावून संमती घ्या.

खरा धोका मात्र रक्त काढण्यात नाही, रिपोर्टमध्ये आहे. 'वाहक' म्हणजे आजाराचा दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो एवढंच, ती मुलगी स्वतः आजारी नव्हे. पण वर्गात नाव घेऊन रिपोर्ट वाटले तर ती मुलगी आजारी ठरते, आणि चार वर्षांनी लग्नाच्या बोलण्यात तेच निघतं. तिच्या धाकट्या बहिणींच्या लग्नातसुद्धा. तेव्हा बाटलीवर नाव नको, नंबर हवा. नंबर आणि नावाची यादी कुलपात, शाळेच्या कपाटात नव्हे. रिपोर्ट फक्त आईबापांना, एकेकट्याला, समजावून सांगणाऱ्या माणसाच्या हातून. उरलेलं रक्त पुढे कशाला वापरणार, हेही लिहून घ्या. गठ्ठा मुख्याध्यापकांना परत द्या. त्यांना अवघड वाटलं तर हा अंक दाखवा.

कंपनीतून ब्रेक मिळालाय. मित्र म्हणतो, एका ठिकाणी गोळी घेऊन दोन रात्री राहायचं, रक्त द्यायचं, चांगले पैसे मिळतात. धोका असतो का?
– वय २४, सातपूर

असतो, पण सगळीकडे सारखा नाही. बाजारात असलेल्या औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी शरीरात तशीच विरघळते का, हे बघणारे अभ्यास असतात. त्यात औषध ओळखीचं असतं. माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध ही फार वेगळी गोष्ट. २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवं औषध काही काही मिनिटांच्या अंतराने टोचलं. पहिल्याला त्रास सुरू होऊन तो लक्षात येईपर्यंत बाकीच्यांनाही सुई लागली होती. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. तेव्हापासून अशा अभ्यासात आधी एकाला देऊन थांबायचं, मग पुढच्याला, ही काळजी घेतात. म्हणून विचार: औषध कोणतं, आधी माणसांना दिलंय का, पहिल्या माणसानंतर किती वेळ थांबणार?

तुझ्या बाबतीत मला भीती वेगळीच वाटते. पैशाची निकड असली की मुलं एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे जातात आणि आधीचं सांगत नाहीत. अंगात दोन औषधं असतात, रक्त आधीच कमी झालेलं असतं, आणि समोरच्या डॉक्टरला काहीच माहीत नसतं. दोन अभ्यासांत साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात ते उगाच नाही. मध्येच सोडलंस तर तोपर्यंतचे पैसे मिळायला हवेत, हे फॉर्ममध्ये बघ. शेवटपर्यंत राहिलास तरच पैसे, असं लिहिलेलं असेल तर बरं वाटत नसतानाही तू थांबशील. तिथे सही करू नकोस. आणि आईला सांगून जा.

माझी आई एका ट्रायलमध्ये आहे. अंगावर पुरळ उठलंय. विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, 'काही नाही होत, गोळ्या चालू ठेवा.' आता बाहेर पडता येईल का? आधीचे उपचार बंद करतील का?
– पंचवटी

येईल, आजच, कारण न देता. तेवढ्यावरून नेहमीचे उपचार कोणी नाकारू शकत नाही. पण पुरळ आहे, तेव्हा नुसतं सोडून घरी बसू नका. मुख्य डॉक्टरांना स्वतः भेटा, ताप किंवा तोंडात फोड असतील तर थेट इमर्जन्सीत जा. पुरळाचे तारखेसह फोटो काढा. तुम्हाला दिलेल्या फॉर्मच्या प्रतीवर समितीचा फोन नंबर असतो. त्यावर फोन करा आणि त्या मुलीने काय सांगितलं ते शब्दशः सांगा. फॉर्मची प्रत तुम्हाला दिलीच नसेल, तर तेही सांगा. आमच्याकडे असा फोन आला की तो कागद पुढच्या बैठकीत सगळ्यांत वर असतो.